माल पोचला का, हे कोण विचारणार? धोकादायक कचऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीबाबत एक खुलं पत्र

प्रति,
बाझल कराराच्या (धोकादायक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सदस्य राष्ट्रांचे प्रतिनिधी, कराराचं सचिवालय, आणि धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीची इलेक्ट्रॉनिक नोंदपद्धत आखणारे सर्व अधिकारी व तंत्रज्ञ यांस,

स. न. वि. वि.

धोकादायक कचरा कारखान्यातून निघून प्रक्रिया केंद्रात पोचेपर्यंत त्याच्यासोबत जे कागद फिरतात, ते संगणकावर नेण्याचं काम आता बहुतेक ठिकाणी सुरू झालं आहे. जपानने १९९८मध्येच इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू केली. अमेरिकेची पद्धत ३० जून २०१८ला चालू झाली. युरोपीय संघाने २०२४मध्ये कचरा-वाहतुकीची नवी नियमावली केली, त्यानुसार २१ मे २०२६ ही कागदाकडून संगणकाकडे वळण्याची तारीख ठरली. आणि बाझल कराराखालची दोन मूळ कागदपत्रं, म्हणजे कचरा पाठवण्याआधी द्यायचं सूचनापत्र आणि कचऱ्यासोबत जाणारा वाहतूक-दस्तऐवज, ती इलेक्ट्रॉनिक कशी करायची यावर तुमची चर्चा चालू आहे. अशा वेळी हरकती व सूचना मागवायची रीत आहे. माझी सूचना एकच आहे, पण तिला फाटे बरेच आहेत, म्हणून पत्र थोडं लांबणार.

सूचना अशी: ही पद्धत गाडी कुठे आहे हे दाखवण्यासाठी बांधू नका. माल पोचला का, निघाला तितकाच पोचला का आणि पुढे त्याचं जे व्हायचं ठरलं होतं तेच झालं का, हे विचारण्यासाठी बांधा.

मी प्रक्रिया केंद्राच्या गेटवर आवक-नोंदीचं काम केलेलं आहे. वजनकाट्याची पावती, चालकाकडचे कागद आणि प्रयोगशाळेचा नमुना ही तिन्ही जुळतात का हे पाहणं, हे माझं काम. त्यामुळे या विषयाकडे मी नकाशावरच्या हलत्या ठिपक्यापेक्षा गेटच्या बाजूने बघते. यात माझा पक्षपात असेल तर असो. ठिपक्याच्या बाजूने बोलणारे, यंत्रं विकणारे आणि सादरीकरणं करणारे पुष्कळ आहेत.

आधी हा सगळा खटाटोप कशासाठी आहे ते आठवू या. १९७६मध्ये इटलीत सेवेसोजवळच्या कारखान्यातून डायऑक्सिन बाहेर पडलं. साफसफाईनंतर उरलेला विषारी गाळ ४१ पिंपांत भरला गेला. सप्टेंबर १९८२मध्ये ती पिंपं सीमा ओलांडून फ्रान्समध्ये गेली आणि तिथून ‘हरवली’. पुढचे आठ महिने त्यांचा ठावठिकाणा लागला नाही; युरोपभर शोध चालला. मे १९८३मध्ये उत्तर फ्रान्समधल्या एका गावात, बंद पडलेल्या कत्तलखान्यात ती सापडली. ती सीमेवरून गेल्याचं माहीत होतं, पुढे कुठे पोचली याची नोंद मात्र अधिकाऱ्यांच्या हाती नव्हती. या प्रकरणाने युरोपला हादरवलं आणि १९८४मध्ये सीमापार कचरा-वाहतुकीचे युरोपातले पहिले सामायिक नियम आले.

मग ‘खियान सी’ नावाचं जहाज. १९८६मध्ये ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची कचरा-भट्टीतली सुमारे १४ हजार टन राख घेऊन निघालं. कोणी उतरवून घेईना. १९८८च्या सुरुवातीला त्यातली सुमारे ४ हजार टन राख हैतीतल्या गोनाईव्हच्या किनाऱ्यावर खत म्हणून उतरवली गेली. उरलेली घेऊन जहाज नावं बदलत फिरत राहिलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी सिंगापूरला दिसलं तेव्हा रिकामं होतं. राख समुद्रात गेली होती. त्याच वर्षी नायजेरियातल्या कोको या बंदराच्या गावी, एका माणसाच्या आवारात इटलीहून आलेली हजारो विषारी पिंपं सापडली. २२ मार्च १९८९ला बाझल करार मंजूर झाला, त्यामागे ही प्रकरणं होती. ५ मे १९९२पासून तो लागू झाला.

या तिन्ही प्रकरणांत कचरा निघाल्याचा कागद कुठे ना कुठे होता. पोचल्याचा खरा कागद एकातही नव्हता. करार करणाऱ्यांना हे नेमकं दिसलं होतं. म्हणून कलम ६मध्ये त्यांनी लिहून ठेवलं की कचरा ताब्यात घेणाऱ्या प्रत्येकाने वाहतूक-दस्तऐवजावर सही करायची, विल्हेवाट लावणाऱ्याने माल मिळाल्याचं कळवायचं, आणि पुढे विल्हेवाट पूर्ण झाल्याचंही कळवायचं. दस्तऐवजात त्यासाठी दोन वेगळे रकाने आहेत: १८वा माल पोचल्याचा आणि १९वा विल्हेवाट झाल्याचा. माझ्या मते या कराराचा जीव या दोन रकान्यांत आहे. बाकीचे रकाने बहुतेक वेळा व्यवस्थित भरलेले असतात, कारण ते भरल्याशिवाय गाडी हलत नाही. हे शेवटचे दोन भरले नाहीत म्हणून कुणाचंच काही अडत नाही. गाडी रिकामी होऊन गेलेली असते, भाड्याचा हिशेब झालेला असतो, पाठवणाऱ्याच्या आवारातली घाण गेलेली असते.

इलेक्ट्रॉनिक पद्धत आली की हे आपोआप सुधारेल असं गृहीत धरू नका. पडद्यावरचा रिकामा रकानासुद्धा रिकामाच असतो.

गेटवर काय होतं ते सांगते. टँकर काट्यावर येतो, भरलेलं वजन घेतलं जातं. चालक खाली उतरतो, कागद देतो. बहुतेक वेळा तो रात्रभर गाडी चालवून आलेला असतो आणि त्याला फक्त रिकामं होऊन निघायचं असतं. झाकण उघडून नमुना घेतला जातो, तो प्रयोगशाळेत जातो. कागदावर लिहिलेलं असतं ‘वापरलेलं द्रावक’, आणि वास येतो आम्लाचा. किंवा कागदावर गाळ असतो आणि आत निम्मं पाणी. टँकर रिकामा झाला की पुन्हा काट्यावर, रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की निव्वळ वजन. ते कागदावरच्या आकड्याशी क्वचितच तंतोतंत जुळतं, आणि जुळायलाच हवं असंही नाही. पाठवणाऱ्याने अंदाजाने लिहिलेलं असतं, काटे वेगळे असतात, टाकीच्या तळाशी थोडा गाळ राहतो. खरी गोष्ट पुढे घडते. कागदावर १८ टन आणि काट्यावर साडेसोळा आले की आतून निरोप येतो, ‘अठराच लिहा, उगाच पत्रव्यवहार वाढेल.’ फरक लिहिला तर पाठवणाऱ्याला विचारणा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवणं, उत्तराची वाट पाहणं. अठरा लिहिलं तर दोन मिनिटांत गाडी मोकळी. हे सांगणारा माणूस लबाडच असतो असं नाही. त्याच्यामागे आणखी सहा गाड्या उभ्या असतात.

संगणक आल्यावर हा मोह कमी व्हायला हवा होता. मी हाताळलेल्या पडद्यावर मात्र ‘मिळालेलं वजन’ या रकान्यात पाठवलेलं वजन आधीच भरून येत होतं. सोय म्हणून! बरोबर असेल तर फक्त बटण दाबा, चूक असेल तर खोडून नवं लिहा, कारण निवडा, शेरा द्या. एका बाजूला एक बटण आणि दुसऱ्या बाजूला चार पायऱ्या. दिवसभर गाड्या घेणारा माणूस काय करेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. कागदावर निदान त्याला आकडा स्वतःच्या हाताने खोटा लिहावा लागायचा. पडद्याने तो कमीपणाही त्याच्यावरून काढून घेतला.

म्हणून माझी पहिली मागणी अगदी छोटी आहे आणि तिला पैसाही फारसा लागत नाही. माल घेणाऱ्याला, स्वतःचं वजन आणि पिंपांची मोजणी नोंदवून होईपर्यंत, पाठवणाऱ्याने लिहिलेला आकडा दाखवू नका. कचऱ्याचा प्रकार, धोके, हाताळणीच्या सूचना आधी दिसल्याच पाहिजेत, त्या सुरक्षिततेच्या आहेत. प्रमाण मात्र झाकून ठेवा. आधी मोजा, मग जुळवा. जिथे काटा संगणकाला जोडता येतो तिथे वजन थेट काट्यावरून उतरू द्या आणि ते हाताने बदललं तर बदल करणाऱ्याचं नाव, वेळ आणि मूळ आकडा नोंदीत कायम राहू द्या. दुरुस्तीला ना नाही, दुरुस्त्या लागतातच. पण खाडाखोड दिसली पाहिजे. कागदावर एक रेघ मारून बाजूला सही करायची पद्धत होती, ती वाईट नव्हती.

आता फरकाचं काय करायचं? अमेरिकेच्या नियमांत टँकरसारख्या सुट्या मालाच्या वजनात १० टक्क्यांहून अधिक फरक आला तर तो लक्षणीय मानतात आणि पिंपांच्या बाबतीत एका पिंपाचाही फरक चालत नाही. नियम म्हणून हे समजण्यासारखं आहे, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण २० टनांच्या टँकरमागे १० टक्के म्हणजे २ टन. एखादा पाठवणारा दर फेरीला दीड टन कमी पोचवत असेल तर एकही फेरी रेघेबाहेर जाणार नाही. कागदावर हे कधी दिसलं नसतं, कारण शंभर कागद एकत्र ठेवून बेरीज करायला कुणाला वेळ होता? संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. एकेका फेरीतला फरक सोडून द्या, पण तोच पाठवणारा, तोच वाहतूकदार, तोच मार्ग आणि फरक दर वेळी एकाच बाजूला, असं दिसलं तर पद्धतीने स्वतःहून हात वर केला पाहिजे. तसंच एखाद्या केंद्राला जितक्या कचऱ्याची परवानगी आहे त्याहून जास्त आवक नोंदली गेली, किंवा तिथल्या भट्टीच्या क्षमतेत बसणारच नाही इतकी विल्हेवाट महिन्याभरात दाखवली गेली, तर तेही. ही सगळी साधी बेरीज-वजाबाकी आहे. तिच्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची जाहिरात करायची गरज नाही.

दुसरी मागणी न आलेल्या गाडीची.

कागदाच्या पद्धतीत गाडी पोचली नाही हे कळण्याचा मार्ग मोठा गमतीशीर होता. पोचल्याची प्रत परत आली नाही, हे पाठवणाऱ्याच्याच लक्षात यायला हवं. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर कचरा निर्माण करणाऱ्याने ३५ दिवसांत प्रत आली नाही तर चौकशी करायची आणि ४५ दिवसांत शासनाला कळवायचं, असा नियम होता. जपानच्या सात प्रतींच्या कागदात शेवटची प्रत, अंतिम विल्हेवाटीची, १८० दिवसांच्या आत परत येण्याची वाट पाहायची. टपालाच्या जमान्यात या मुदती रास्त असतील. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: पाठवणाऱ्याला खरोखर जाणून घ्यायचं आहे. ज्याने स्वस्तातला वाहतूकदार मुद्दाम निवडला, त्याला गाडी कुठे रिकामी झाली हे न कळलेलंच बरं वाटतं. चौकशीची जबाबदारी फक्त त्याच्यावर ठेवली की चौकशी होत नाही.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत निघाल्याची वेळ माहीत असते, मार्ग माहीत असतो, साधारण किती तास किंवा दिवस लागतील हेही माहीत असतं. मग ठरलेल्या वेळेत पोचल्याची नोंद झाली नाही तर इशारा कुणी मागण्याची वाट पाहू नये. तो एकाच वेळी पाठवणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि दोन्हीकडच्या नियामकांना जावा, आणि माल सीमा ओलांडत असेल तर मधल्या देशांनाही. ज्या देशातून कचरा नुसता जाणार आहे त्याची संमती आपण आधी मागतो, उत्तरासाठी ६० दिवस देतो, आणि एकदा गाडी आत शिरली की ती बाहेर पडली का हे त्याला सांगत नाही. हा कुठला शिष्टाचार?

इशाऱ्याला उत्तर देणारा माणूस नावानिशी ठरलेला हवा. नाहीतर इशारे साचतात, मग कुणीतरी ते बंद करण्याची खूण शोधून काढतो. रोज दोनशे खोटे इशारे देणारी पद्धत काहीच इशारा न देणाऱ्या पद्धतीइतकीच निकामी असते, तेव्हा मुदती आखताना पाऊस, घाट, बंदरातली रांग, सुट्ट्या यांचा हिशेब ठेवा. हे गाड्या चालवणाऱ्यांना विचारल्याशिवाय जमणार नाही.

आणि नोंद झाली म्हणजे काम झालं, असंही नाही. जपानचं २०१६चं प्रकरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. एका मोठ्या करी-उपाहारगृह साखळीने, प्लास्टिकचा तुकडा मिसळला असण्याच्या शंकेने, सुमारे ४० हजार गोठवलेली बीफ कटलेटं टाकून द्यायला एका कचरा-प्रक्रिया कंपनीकडे दिली. कंपनीने इलेक्ट्रॉनिक पद्धतीत सगळ्याची विल्हेवाट लागल्याची रीतसर नोंद केली. प्रत्यक्षात बहुतेक माल विकला गेला होता. हे उघड कसं झालं? त्याच साखळीत अर्धवेळ काम करणाऱ्या एका व्यक्तीला ती कटलेटं सुपरमार्केटच्या फळीवर दिसली. तो कचरा धोकादायक वर्गातला नव्हता, पण नोंदपद्धत तीच. त्यानंतर जपानने २०१७मध्ये कायदा बदलला, खोट्या नोंदीची शिक्षा वाढवली, आणि एप्रिल २०२०पासून वर्षाला ५० टन किंवा त्याहून अधिक विशेष नियंत्रित (म्हणजे धोकादायक वर्गातला) औद्योगिक कचरा निर्माण करणाऱ्यांना इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. म्हणजे खोटी इलेक्ट्रॉनिक नोंद सापडल्यावर त्यांनी कागदाकडे पाठ फिरवली, संगणकाकडे नाही. मला ते पटतं. पण चोरी पकडली ती संगणकाने नव्हे, ओळखीचा माल ओळखणाऱ्या माणसाने, हेही तितकंच खरं.

म्हणूनच १९वा रकाना, विल्हेवाट पूर्ण झाल्याचा, नुसत्या सहीवर सोडू नका. भट्टीत जाळलं असेल तर त्या दिवशीचा भट्टीचा लॉग, भरावात पुरलं असेल तर कुठल्या खड्ड्यात आणि कुठल्या थरात, पुन्हा वापरासाठी शुद्ध केलं असेल तर किती निघालं आणि उरलेला गाळ पुढे कुणाला दिला. या शेवटच्या प्रश्नावर सगळ्यात जास्त धूळफेक होते, कारण उरलेल्या गाळाला नवा कागद लागतो आणि जुन्या कागदाशी त्याचं नातं तुटतं. नव्या पद्धतीत हे नातं ठेवा. मिसळून, नाव बदलून, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात गेलेला कचरा मागे माग काढत मूळ कारखान्यापर्यंत नेता आला पाहिजे.

चालकाच्या सहीबद्दल थोडक्यात. इलेक्ट्रॉनिक सही म्हणजे त्या माणसाने त्या ठिकाणी माल ताब्यात घेतला याचा पुरावा, असा अर्थ असायला हवा. वाहतूकदाराच्या कार्यालयातला एकच कारकून सगळ्या चालकांचे पासवर्ड वहीत लिहून ठेवतो आणि टेबलावरून सह्या करतो, ही गोष्ट या धंद्यात नवी नाही. मग पिंप गळलं की अडकतो चालक, ज्याने पडदा पाहिलेलाही नसतो. चालकाला वाचता येईल अशा भाषेत, त्याच्या स्वतःच्या फोनवर, आत काय आहे आणि गळलं तर काय करायचं हे आल्याशिवाय त्याची सही घेऊ नका. आणि गाडीतला छापील कागद काढून टाकण्याची घाई करू नका. अपघात झाला, फोन फुटला, तिथे नेटवर्क नाही, अशा वेळी अग्निशमन दलाच्या माणसाला केबिनमधला कागद हवा असतो. धोकादायक मालाचा छापील कागद गाडीत ठेवण्याची सक्ती अमेरिकेने इलेक्ट्रॉनिक पद्धत आल्यावरही चालू ठेवली, ते शहाणपणाचं झालं.

जीपीएसबद्दलही दोनच वाक्यं. ते असावं, पण त्यावर विसंबू नये, कारण यंत्र काढून दुसऱ्या गाडीत ठेवता येतं आणि मग ठिपका अगदी ठरलेल्या रस्त्याने वेळेवर पोचतो. पोचलेला ठिपका आणि पोचलेलं वजन यांतलं एक निवडायचं झालं तर मी वजन निवडेन.

सीमेवरची अडचण निराळी आहे आणि तिथे तुमच्याशिवाय कुणी काही करू शकत नाही. कचऱ्याचे संकेतांक बाझल कराराच्या परिशिष्टांतले, आणि सीमाशुल्क खात्याचे संकेतांक जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीतले. दोन्ही एकमेकांशी सरळ जुळत नाहीत. पर्यावरण खात्याचा संगणक ‘अ’ गटातला धोकादायक कचरा दाखवतो आणि बंदरातल्या संगणकाला तेच पेटारे वापरलेली यंत्रसामग्री म्हणून दिसतात. सीमाशुल्काच्या २०२२च्या आवृत्तीत विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी ८५४९ हा स्वतंत्र शीर्षक-क्रमांक आला, आणि १ जानेवारी २०२५पासून बाझल कराराखाली सगळाच ई-कचरा पूर्वसंमतीच्या कक्षेत आला. या दोन गोष्टी एकमेकींना जोडायची ही संधी आहे. पूर्वसंमतीचा क्रमांक घातल्याशिवाय सीमाशुल्काची घोषणा पुढेच सरकू नये, इतकं झालं तरी पुष्कळ.

पण चुकीची घोषणाच केली तर? ‘प्रोबो कोआला’ या जहाजाचं उदाहरण पाहा. जहाजावरच कॉस्टिक सोड्याने पेट्रोल-घटक धुतले गेले, त्यातून निघालेला दुर्गंधीयुक्त कचरा जुलै २००६मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जहाजाच्या टाक्यांचं नेहमीचं सांडपाणी म्हणून उतरवायला सुरुवात झाली. तिथल्या कंपनीला वास आला, तपासणी झाली, प्रक्रियेचा खर्च वाढवून सांगितला गेला. तेव्हा तो पुन्हा जहाजात भरला गेला आणि ऑगस्टमध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात ठिकठिकाणी ओतला गेला. लाखाहून अधिक लोक उपचारांसाठी धावले, माणसं गेली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका ठिकाणी संशय नोंदला गेला होता! तो संशय जहाजासोबत पुढच्या बंदरात पोचला असता तर? तुमच्या पद्धतीत नाकारलेल्या, परत भरलेल्या, किंमत वाढल्यावर मागे घेतलेल्या मालाचीही नोंद व्हावी, आणि ती पुढच्या प्रत्येक बंदरात दिसावी. आज बहुतेक ठिकाणी ‘स्वीकारला’ याचीच नोंद नीट होते. ‘नाकारला’ हा शब्द लिहायला सगळे कचरतात, कारण त्यात गिऱ्हाईक दुखावतं.

आता लोकांना काय दिसावं याबद्दल. अमेरिकेत या नोंदी ९० दिवसांनी जनतेला पाहता येतात, सुरक्षेच्या कारणाने काही रसायनांचा तपशील झाकून. गाडी कुठे आहे हे त्या क्षणी सगळ्यांना दिसू नये, हे मान्य. विषारी किंवा स्फोटक माल पळवणारेही नकाशा पाहू शकतात. पण माल पोचल्यावर, कुठून किती निघालं, किती पोचलं, फरक किती, नाकारलं का आणि विल्हेवाट कधी लागली, हे केंद्राच्या नावानिशी उघड हवं. केंद्राशेजारी राहणाऱ्यांना रात्री किती टँकर आत जातात हे तुमच्यापेक्षा जास्त नीट माहीत असतं. नोंदीत त्या महिन्यात कमी टँकर दिसले तर ते विचारतील. विचारायला त्यांच्यासमोर आकडा तर हवा. ‘व्यापारी गुपित’ हे कारण इथे पुढे केलं जाईल. कचरा हे कसलं गुपित? ज्याला तो लपवायचा आहे त्याने तो निर्माण करू नये.

शेवटी हरकती-सूचनांच्या पद्धतीबद्दल. कराराच्या बैठकांची कागदपत्रं संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत असतात. हे पत्र त्या सहांपैकी एकाही भाषेत नाही, आणि काट्यावर उभी राहणारी, पिंपं उतरवणारी बहुतेक माणसं ज्या भाषांत बोलतात त्याही त्या सहांत नाहीत. मसुद्यावर मत देणारे असतात ते कंपन्यांचे सल्लागार, मोठ्या संस्था आणि सॉफ्टवेअर विकणारे. त्यांनी बोलावंच. पण मसुदा अंतिम करण्याआधी तुमच्यापैकी काही जणांनी एखाद्या प्रक्रिया केंद्राच्या गेटवर एक पाळी काढावी. कार्यालयात बसून चहा घेऊन नव्हे, काट्याच्या खोलीत. चालकाला प्रश्न विचारावेत, कारकुनाच्या खांद्यावरून पडदा पाहावा, चाचणीचा पडदा त्याच्याच हातात द्यावा आणि तो कुठे थबकतो, कुठे न वाचता बटण दाबतो ते टिपून घ्यावं.

आणि पद्धत चालू करण्याआधी एक चाचणी नक्की करा. एक गाडी कागदोपत्री पाठवा, निघाल्याची सही घ्या, आणि ती पोचवूच नका. सांगू नका कुणाला. मग किती तासांनी, कुणाचा फोन, कुणाला येतो ते पाहा. फोन आलाच नाही, तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकला.

आपली,
आवक-नोंदीच्या टेबलावरची एक कर्मचारी